दहावं पोर

सभ्य माणसानं आयुष्यात दोन गोष्टींपासून चार हात लांब राहावं. एक, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं आणि दुसरी, शाळा समितीचं अध्यक्षपद. लीथ ट्रेंगोव्ह यांची उभी हयात बँकेत गेल्यामुळे पहिली गोष्ट ते इतरांना करायला लावत आले आणि स्वतः सुखरूप राहिले. दुसरीत मात्र ते सापडले, आणि सापडले तेही संडासात असताना.

झालं असं, की येराबुलच्या सरकारी शाळेच्या वार्षिक सभेत चहा जरा जास्त झाला. लीथ उठून मागच्या बाजूला गेले. परत आले तेव्हा टाळ्या संपत आल्या होत्या.

"अभिनंदन, अध्यक्षमहाराज!" क्लेमनं त्यांच्या पाठीत थाप मारली. क्लेम नॅनकार्व्हिस हा त्यांचा शेजारी. जन्मभर मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी चालवून निवृत्त झालेला, आणि आता मेंढ्या नाहीत म्हणून गावकऱ्यांना सल्ले देणारा.

"अरे, पण मला विचारलं कुणी?"

"बिनविरोध झालं रे सगळं. विरोध करायला तू जागेवर नव्हतास."

लीथनी थोडे आढेवेढे घेतले, पण मनातून त्यांना बरं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. येराबुलमधली बँकेची शाखा बंद झाल्यापासून त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ज्या खोलीत बसून त्यांनी गव्हाच्या शेतकऱ्यांना घाम फोडला, त्या खोलीत मधल्या काळात एक बाई सुवासिक मेणबत्त्या विकायला बसून, न खपल्यामुळे निघूनही गेली होती. अध्यक्ष म्हटलं की निदान टाय बाहेर काढता येतो. पत्नी ग्लेनिसनं टायला इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "जपून हं लीथ. शाळेत पोरं किती, ते आधी विचारलंस का?"

ते विचारलं नव्हतं.

ते सांगायला शिक्षण खात्याचे पेंबर्ली साहेब शहरातून आले. वय बेताचं, बूट टोकदार, हुद्दा सुधारणा सल्लागार. शाळेची कामगिरी दाखवायला त्यांनी एक विजेवर चालणारी काचेची पाटी आणली होती. पण येराबुलच्या उन्हात त्या पाटीवर स्वतःच्या नाकाशिवाय काहीच दिसेना. शेवटी सहलीची चादर आणली गेली, आणि पेंबर्ली साहेब, अध्यक्ष ट्रेंगोव्ह आणि शाळेच्या एकमेव शिक्षिका क्वेफ बाई अशा तिघांनी चादरीखाली डोकी घालून शाळेचं भवितव्य पाहिलं. बाहेर मुलं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं जादूचा खेळ आहे.

"हा इयत्ता पाचवीचा आलेख," साहेब चादरीत म्हणाले. "गेल्या वर्षी कळसावर आणि या सहामाहीत थेट पाताळात. पाचवी इतकी घसरली कशी?"

"पाचवी घसरली नाही, साहेब," क्वेफ बाई शांतपणे म्हणाल्या. शांतपणा हीच त्यांची एकमेव चैन होती. "गेल्या वर्षीच्या पाचवीचं नाव इमोजेन. तिच्या वडिलांची बदली झाली, ती गेली. यंदाच्या पाचवीचं नाव रोरी. परीक्षा चालू असताना पाचवीच्या बापाची मेंढरं हमरस्त्यावर आली, तेव्हा पाचवी पेपर सोडून मेंढरं वळायला गेली."

"म्हणजे वर्गात विद्यार्थी एकच?"

"जाडजूड आहे, पण एकच."

"मग वर्गाची सरासरी कशी काढता?"

"सरासरी म्हणजे रोरीच. तो बघा, झाडावर बसलाय."

साहेबांनी चादरीतून डोकं बाहेर काढून सरासरीकडे पाहिलं. सरासरीनं हात हलवला.

मुख्य बातमी त्यानंतर आली. पट नऊ होता. नियम दहाचा. उन्हाळी सुट्टी संपून फेब्रुवारीत नवं वर्ष सुरू झालं की मोजणी होईल. तोवर दहावं पोर मिळालं नाही, तर शाळेला कुलूप आणि मुलांची रवानगी बसनं बॅरोबीला. ती बस वाटेतल्या प्रत्येक शेताच्या फाटकापाशी थांबत जाते. घरातून अंधारात निघालेलं पोर दप्तरासह पुन्हा अंधारातच परत येतं.

गावात हाहाकार उडाला. येराबुलमध्ये हाहाकार पबात उडतो, कारण बसायला खुर्च्या तिथेच आहेत.

"शाळा गेली की गावात उरतं काय?" क्लेम ग्लास आपटून म्हणाला. "पब आणि दफनभूमी. आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचं तेच."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला; दुसरा पाऊस त्या वर्षी पडला नव्हता. कुणी म्हणालं, अनाथाश्रमाला पत्र टाका. कुणी म्हणालं, एखाद्या मेंढपाळ कुत्र्याचं नाव घाला, आमचा टिपर रोरीपेक्षा हुशार आहे. क्लेमनं तर लीथकडे आणि ग्लेनिसकडे आळीपाळीनं पाहत भुवया उडवल्या. "बघा बुवा, अध्यक्षांनी स्वतःपासून सुरुवात केली तर..."

"क्लेम," ग्लेनिस म्हणाली, "साठी ओलांडल्ये मी. आणखी एक शब्द बोललास तर तोंडात लोकर कोंबीन."

शेवटी युक्ती सुचली ती लीथनाच. त्यांच्या दिवंगत आयडा आत्याचं घर शाळेला लागूनच रिकामं पडलं होतं. ते नाममात्र भाड्यानं द्यायचं, अट एकच: कुटुंबाला शाळकरी मूल हवं. अख्खा पब त्यांच्याकडे आदरानं बघू लागला. माणसाचा घात होतो तो अशाच क्षणी.

जाहिरातीत 'तळ्याकाठचं घर' असं लिहावं असा क्लेमचा आग्रह होता. तळं होतं, नाही असं नाही; त्यात फक्त पाणी नव्हतं. कित्येक वर्षांपासून तिथं पांढरं मीठ पसरलं होतं. लीथमधला बँकर खोटं लिहायला धजेना आणि अध्यक्षाला खरं लिहिणं परवडेना. दोघांनी मिळून तोडगा काढला: 'तळ्याच्या जागेचं विस्तीर्ण दृश्य'.

उत्तरं भराभर आली. एका जोडप्याला चार अपत्यं होती. चौकशीअंती चारही भुंकणारी निघाली. "आमच्यासाठी ती मुलंच आहेत," बाई दुखावून म्हणाल्या. एका चित्रकारानं विचारलं, मूल स्वतःचंच लागतं की बहिणीचं उसनं आणलेलं चालेल? एक म्हातारं जोडपं म्हणालं, मुलगा आमच्याजवळच राहतो, वय एकेचाळीस, पण शाळा बिचाऱ्याची अर्धवटच राहिली. क्वेफ बाईंनी त्यावर जरा जास्तच वेळ विचार केला. "पाचवीत बसवता आला असता," त्या हळूच म्हणाल्या.

आणि मग फोनुआ कुटुंबाचा फोन आला. सेमिसी फोनुआला बॅरोबी रस्त्यावरच्या खाटिकखान्यात मुकादमाची नोकरी लागली होती, आणि शहरातली जागा सोडून त्याला जवळपास घर हवं होतं. मुलं आहेत का? आहेत. शाळेत जाणारी? हो. लीथनी पुढचं काही विचारलंच नाही. एक पुरेसं होतं.

राहता राहिली घराची डागडुजी. जमिनीखाली वाळवी आहे का बघायला माणूस लावावा असं ग्लेनिसचं म्हणणं होतं. पण अध्यक्षपदाचं वारं शिरलेला माणूस असल्या कामाला माणूस लावत नाही. ते स्वतः घराच्या पायाखालच्या फटीतून पोटावर सरपटत आत शिरले. वाळवी होती. आणखीही काहीतरी होतं, कारण त्यानं फुस्स केलं.

"साप!" आतून आवाज आला. मग पँटचा पट्टा खिळ्यात अडकल्याचा आवाज आला. मग जे शब्द आले ते अध्यक्षांना शोभणारे नव्हते आणि बँक व्यवस्थापकाला तर अजिबातच नाही.

क्लेमनं दोन्ही घोटे धरून ओढायला सुरुवात केली. मधली सुट्टी असल्यामुळे सगळी शाळा कुंपणावर चढून बसली. लीथ इंचाइंचानं बाहेर येत होते, पँट मात्र आतच राहू पाहत होती. नेमक्या त्याच मुहूर्तावर अंगणात एक मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून फुलाफुलांचा झगा घातलेली एक भरदार बाई उतरली.

"आम्ही फोनुआ," ती म्हणाली. "मिस्टर ट्रेंगोव्ह कुठं भेटतील?"

"हे काय," क्लेम हातातले घोटे जरा वर उचलून म्हणाला. "बाकीचे येताहेत मागून."

साप म्हणजे निळ्या जिभेचा गरीब सरडा निघाला. त्यालाही बराच धक्का बसला होता. लीथ उभे राहिले, एका हातानं पँट सावरून दुसरा त्यांनी पुढे केला, आणि तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. आधी एक उंच मुलगी उतरली. ओफा, पाचवीत जाणारी. मग दोन जुळे, मग हातात बूट घेतलेली एक चिमुरडी. लीथ हस्तांदोलन विसरून मोजत राहिले. "दहा, अकरा, बारा, तेरा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लुपे फोनुआला वाटलं, सापाच्या भीतीनं आलं.

पण सरकारनं सुखासुखी कुणाचं भलं होऊ दिलंय? स्थानिक कचेरीतून पत्र आलं, की शौचकूपाची टाकी सहा माणसांना अपुरी आहे. लीथ टाय लावून भांडायला गेले.

"आत्या त्या घरात सुखानं राहिली, वाट्टेल तितकी वर्षं," ते म्हणाले.

"बरोबर आहे," खिडकीतली मुलगी म्हणाली. "तुमची टाकी एका आत्यापुरती आहे."

नवी टाकी खणली. खणताना पाण्याचा नळ फुटला. नळ जोडताना शाळेचं पाणी बंद झालं. शाळेचं पाणी सुरू झालं तेव्हा पबातलं बंद झालं, आणि त्या दुपारी लीथना गावाच्या रोषाची खरी ओळख पटली. पण फेब्रुवारीत मोजणी झाली, पट तेरा निघाला, पेंबर्ली साहेबांनी पुन्हा चादरीखाली जाऊन खात्री केली आणि शाळा वाचली.

स्वागताचा चहा फोनुआंसाठी ठरला होता, पण टेबलाच्या मध्यावर लीथ बसले. स्कोन पाव होते, खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक होते. लुपेनं शहरातून मागवलेल्या अळूच्या पानांत गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस आणलं होतं, आणि "थोडंसंच हं" म्हणणाऱ्या क्लेमनं त्याचा तिसरा गठ्ठा सोडला होता. भाषणं झाली. शाळा म्हणजे गावाचा श्वास, असं लीथ म्हणाले. सरकारी शाळा हीच खरी शाळा, असं क्लेम म्हणाला. तोंड भरलेलं असल्यामुळे ते जास्तच मनापासून आल्यासारखं वाटलं.

मग लुपेनं अगदी साधेपणानं विचारलं, "मिस्टर ट्रेंगोव्ह, तुमची नातवंडं कुठली यातली?"



"जॅगो आणि टेगन... ती सेंट ऑस्विनला जातात. बॅरोबीला," लीथ म्हणाले.

"ती खाजगी शाळा? कोटवाली?"

"हो. म्हणजे माझ्या सुनेचं... टॅमसिनचं मत असं, की..."

"आणि तुमची?" लुपे क्लेमकडे वळली.

"तीही तिथंच," क्लेम लॅमिंग्टनला म्हणाला.

लुपेनं टेबलाभोवती एक नजर फिरवली. एकेक मान खाली जात गेली. खरं म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, की सेंट ऑस्विनचा खर्च ज्यांना झेपतो त्यांची पोरं तिकडे जातात आणि उरलेली नऊ इथं. पबातल्या आचाऱ्याची, धान्यकोठारावरच्या हमालाची आणि रोरी. ठाऊक सगळ्यांना होतं, मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं एवढंच.

"असं होय," लुपे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तीच तर पंचाईत. "म्हणजे शाळा वाचवायची तुम्ही आणि शिकायचं आमच्या पोरांनी." मग तिनं लीथच्या ताटलीत आणखी एक गठ्ठा वाढला. 

पुढची सहामाही आली. पेपर सोडलेला रोरी पुन्हा पाचवीतच बसला होता. परीक्षेच्या दिवशी त्याच्या बापाची मेंढरं पुन्हा सुटली, पण ओफानं रोरीचा शर्ट पाठीमागून घट्ट धरून ठेवला होता. तिनं त्याला अपूर्णांक शिकवले होते ते मेंढ्यांच्याच हिशेबानं, आणि मेंढी अर्धी होऊ शकत नाही हा रोरीचा मुख्य आक्षेप आपल्या बापाच्या खाटिकखान्याचा दाखला देऊन खोडून काढला होता. ओफाला पैकीच्या पैकी मिळाले. रोरी चक्क पास झाला. येराबुलच्या पाचवीचा आलेख पाताळातून उठून चादरीच्या वरच्या काठाला टेकला.

बॅरोबीच्या साप्ताहिकानं बातमी छापली: 'येराबुलचा चमत्कार'. शेजारी लीथचा फोटो, टायसह. त्याच आठवड्यात सेंट ऑस्विननं आपली फी वाढवली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण गावानं तो ताबडतोब लावला.

सोमवारी सकाळी क्लेमची नात दप्तर घेऊन सरकारी शाळेच्या दारात उभी. मंगळवारी आणखी तिघं. ज्या आयांनी वर्षानुवर्षं शाळेचं फाटक ओलांडलं नव्हतं त्या आता क्वेफ बाईंना 'तुमची पद्धत नेमकी कोणती?' म्हणून विचारू लागल्या. "मी हाका मारते," क्वेफ बाई म्हणत, "आणि ती येतात." खात्यानं तत्परतेनं दुसरी खोली मंजूर केली. ट्रकवरून ती दोन तुकड्यांत यायची होती. पहिला तुकडा आला. दुसरा, सारख्याच नावाच्या गावाला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. मैदानात अर्धी खोली उभी राहिली, तीन भिंती आणि एक क्षितिज. तिच्यात मॅगपाय पक्ष्यांनी घरटं केलं आणि जवळ येईल त्याच्या टाळूवर चोच मारू लागले. त्यामुळे तिथं वर्ग भरेना, आणि जुन्या खोलीत आता बाक लावायला जागा उरली नाही.

या धांदलीत मागे राहिली ती नेमकी टॅमसिन. निर्णय विचारपूर्वक घ्यायची तिला सवय. तिनं विचार पूर्ण केला तेव्हा शाळा भरली होती.

"अध्यक्षाच्या नातवंडांना जागा नाही?" ती रविवारच्या जेवणात सुरी रोवून म्हणाली. "शोभतं का हे, लीथ?"

"नियम आहे, टॅमसिन. हद्दीतल्या मुलांना आधी. तुमचं शेत रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे हद्दीबाहेर येतं."

"मग हद्दीत येतो की आम्ही. आयडा आत्याचं घर कुणाचं? आपलंच ना? पत्ता तिथला लावू. आणि चार जागा आपसूक रिकाम्या होतील ते वेगळंच."

लीथचा मुलगा रॉस बटाट्याकडे एकाग्रतेनं पाहू लागला.

"आणि फोनुआ?" लीथनी विचारलं.

"त्यांना मिळेल की दुसरीकडे कुठं. त्यांना काय, सवय असते."

लीथनी मदतीसाठी ग्लेनिसकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "घर तुझं, आत्या तुझी, शाळा तुझी. मी फक्त टायला इस्त्री केली."

दुसऱ्या दिवशी पबात क्लेमनंही तेच सुचवलं, फक्त जास्त मोठ्यानं. "आपण त्यांना बोलावलं, ठीक. उपकार झाले त्यांचे. पण आता गरज संपली. शाळा गावच्यांसाठी हवी ना?"

"तुझी नात गेल्या महिन्यापर्यंत लॅटिन शिकत होती, क्लेम."

"म्हणून काय झालं? रक्त इथलंच आहे."

लीथना हे पटलं का? खरं सांगायचं तर थोडं पटलं. नातवंडं म्हटली की न्यायबुद्धीला झोप येते. मंगळवारी ते कोट घालून आत्याच्या घरी निघाले. वाटेत वाक्याची तालीम चालली होती: 'परिस्थितीत काही बदल झाल्यामुळे...' बँकेत असताना हे वाक्य त्यांनी किती शेतकऱ्यांना ऐकवलं होतं आणि तेव्हा ते कधी अडखळले नव्हते.

अंगणात सेमिसी व्हरांड्याच्या नव्या फळ्या ठोकत होता. वाळवीनं खाल्लेला भाग त्यानं विचारून, परवानगी घेऊन, स्वतःच बदलला होता. पायरीवर ओफा रोरीला काहीतरी पाठ करायला लावत होती आणि रोरी चुकला की जुळे त्याच्यावर शेंगा फेकत होते.

"परिस्थितीत काही..." लीथनी सुरुवात केली.

"आधी खा," लुपेनं ताटली पुढे केली. त्यांचं तोंड भरल्यावर ती समोर बसली. "मी ऐकलंय, मिस्टर ट्रेंगोव्ह. गाव लहान आहे, ब्रेडबरोबर बातमीही मिळते. घर परत हवंय ना तुम्हाला?"

लीथ चावत राहिले.

"तुमचं घर आहे, आम्ही भांडणार नाही. फक्त एक सांगा. पोरांना परीक्षेच्या आधी हलवू का नंतर? आधी हलवलं तर पाचवी घसरेल हो."

लीथचे कान तापून लाल झाले. बँकेत त्यांच्यावर लोक ओरडले होते, रडले होते, एकानं तर मेलेलं मेंढरू दारात आणून टाकलं होतं. पण त्यांच्या आलेखाची काळजी कुणी केली नव्हती.

"मी पन्हळ बघायला आलो होतो," ते म्हणाले.

"पन्हळ?"

"गळते म्हणे." आणि बोलल्याला जागायचं म्हणून ते कोटासह शिडीवर चढले. पन्हळ गळत नव्हती. वरच्या पायरीवर ते मान गंभीरपणे हलवत असताना अर्ध्या खोलीतल्या मॅगपायनं त्यांना ओळखलं. खाली येण्याची क्रिया शिडीशिवाय झाली. सेमिसीनं त्यांना हवेतच झेललं आणि एखाद्या पोत्यासारखं अलगद उभं केलं.

"लागलं का, अंकल?" चिमुरडीनं विचारलं.

"खूप," लीथ म्हणाले.

शुक्रवारी शाळेत सभा भरली. एरवी जिथं पाच माणसं जमायची तिथं उभं राहायला जागा नव्हती. पेंबर्ली साहेब पाटी घेऊन हजर होते. मागच्या भिंतीला टेकून सेमिसी आणि लुपे बसले होते. पुढच्या रांगेत टॅमसिन, सासऱ्यावर नजर रोखून.

क्लेमनं ठराव मांडला, ज्यांचे आजे-पणजे इथल्या मातीत पुरलेत त्यांच्या मुलांना प्रवेश आधी.

"रोरीचे आजोबा मासे पकडताना समुद्रात बुडाले," क्वेफ बाई म्हणाल्या. "त्याला कुठं बसवू? समुद्रकिनाऱ्यावर?"

हशा झाला. क्लेम चिडला. "बाई, तुम्ही यात पडू नका. हा गावाचा प्रश्न आहे. अध्यक्ष बोलतील. बोल लीथ."

लीथ उठले.  त्यांनी टाय सरळ केला. भाषण त्यांनी तयार केलं नव्हतं, आणि 'परिस्थितीत काही बदल' हे वाक्य तेवढं डोक्यात घोंघावत होतं.

"पेंबर्ली साहेब," ते म्हणाले, "नियम काय आहे?"

"हद्दीत राहणाऱ्यांना आधी."

"फोनुआ?"

"हद्दीत. शाळेचं कुंपणच त्यांच्या अंगणाला लागून आहे."

"क्लेमची नात?"

"हद्दीत."

"मग हद्दीबाहेर अर्ज कुणाचा?"

साहेबांनी पाटी तिरकी करून पाहिली आणि घसा साफ केला. "दोन आहेत. आडनाव... ट्रेंगोव्ह."

"मग प्रश्न मिटला," लीथ म्हणाले. आवाज फाटला, पण थांबला नाही. "ट्रेंगोव्हना प्रवेश नाही. आत्याचं घर जोवर फोनुआंना हवं तोवर फोनुआंचं. आणि क्लेम, पणज्यांचंच बघायचं तर माझे तुझे दोघांचेही पणजे बोटीनं आले, आणि इथं आधीपासून असलेल्या मूळ लोकांना कुणी विचारलं नव्हतं. बस खाली. पुढचा विषय, अर्धी खोली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या वेळी वाजत नाहीत. लुपे मात्र मान खाली घालून बराच वेळ झग्यावरचं एक फूल बोटानं घासत बसली. टॅमसिन उठली आणि दार आपटून निघून गेली. मॅगपायनं तिला टाळूवर गाठलं, ही तेवढ्यातल्या तेवढ्यात देवाची दया.

दया, पण लीथवर नव्हे. ग्लेनिसनं त्या दिवशी थंड मांस वाढलं आणि वर एक उकडलेलं अंडं ठेवलं. ती अंडं ठेवते ते कौतुक म्हणून की कीव म्हणून, हे त्यांना संसाराच्या इतक्या वर्षांत कळलेलं नाही. क्लेम चार आठवडे बोलला नाही. शाळेला मिळणारं लहान शाळांचं अनुदान, शाळा आता लहान राहिली नाही म्हणून बंद झालं. आणि टॅमसिननं रॉसकरवी निरोप पाठवला: नातवंडांना तुम्ही बाहेर ठेवलंत, तेव्हा सेंट ऑस्विनला रोज नेऊन सोडायचं तुम्ही.

तेव्हापासून रोज सकाळी येराबुलच्या सरकारी शाळेचे अध्यक्ष श्री. लीथ ट्रेंगोव्ह मागच्या सीटवर कोट घातलेली दोन मुलं घेऊन स्वतःच्या शाळेवरून गाडी हाकतात. पहिल्या दिवशी त्यांनी कुणी बघू नये म्हणून टोपी नाकापर्यंत ओढली होती. तरीही फोनुआंची चारही पोरं कुंपणावर चढून जिवाच्या आकांतानं हात हलवत होती, आणि शेजारी रोरी पुस्तक उलटं धरून बसला होता.

जॅगो काचेला नाक लावून बघत राहिला. "आजोबा, ही शाळा चांगली आहे?"

"जिल्ह्यात एक नंबर."

"मग आम्ही इथं का नाही जात?"

लीथनी टोपी मागे सारली. छाती आपोआप पुढे आली.

"कारण तिथं जागा नाही, बाळा," ते म्हणाले. "शाळा भरल्ये."